पंढरपुरी म्हैस, शिसपेन्सिल आणि चिकट पुट्टी

भिंतीवर तक्ते आणि नकाशे चिकटवण्यासाठी मिळणारी मऊ पुट्टी पेन्सिलचित्रात खोडरबराच्या जागी वापरता येते, हे मी बरीच वर्षे ऐकून होतो. परंतु कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवताना पांढऱ्या खोडरबराची सवय हाताला पुरती जडली होती, शिवाय मळून वापरायचे करडे नीडेबल रबरही आता दुकानांत सहज मिळते, त्यामुळे ही तिसरी वस्तू हाताळून पाहण्याची निकड कधी भासली नाही. ती निकड एका म्हशीने निर्माण केली.

गेल्या हिवाळ्यात मी ए-थ्री आकाराच्या कागदावर पंढरपुरी म्हशीचे चित्र करायला घेतले. सोलापूर, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यातली ही जात अंगाने मध्यम आणि तोंडाने लांबट असते. तिची खरी ओळख म्हणजे मागे वळून खांद्याच्याही पलीकडे गेलेली तलवारीसारखी शिंगे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देण्याची पद्धत कोल्हापुरात अजून टिकून असल्याने नमुन्यासाठी लांब जावे लागले नाही. वही घेऊन उभ्या उभ्या रेखाटने करत असताना माझी नजर म्हशीच्या पाठीवरच्या उजेडावर वारंवार जाते आहे हे तिच्या मालकाच्या लक्षात आले असावे. तो म्हणाला, "कालच तेल लावलंय सर, म्हणून चकाकतीया." चित्राची सगळी अडचण त्या एका वाक्यात होती. काळे जनावर काळ्या रंगाने दिसत नाही. ते दिसते त्याच्या अंगावर पडलेल्या उजेडामुळे. तुकतुकीत पाठ, मानेवरच्या वळ्या, कपाळावरचे विरळ भुरे केस, ओले नाक आणि शिंगांच्या बुडाशी असलेली आडवी वलये हे सर्व गडद पार्श्वभूमीवरचे फिके तपशील आहेत आणि पेन्सिलीला तर फक्त काळे करता येते.

जलरंगात जसा कागदाचा पांढरा भाग राखून ठेवतात तसा पेन्सिलीतही राखता येतो, परंतु कपाळावरच्या प्रत्येक केसाभोवती पेन्सिल फिरवून तो केस मोकळा ठेवणे हे माणसाच्या संयमाबाहेरचे काम आहे आणि एवढे करूनही तो केस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. दुसरा मार्ग म्हणजे आधी सर्व भाग छटेने भरून घ्यायचा आणि मग हवा तेथे उजेड बाहेर काढायचा. पांढऱ्या प्लास्टिक खोडरबराने मी ते नेहमी करत आलो आहे. त्याचा कोपरा ब्लेडने धारदार कापून घेतला की एक-दोन रेषा चांगल्या निघतात, मात्र लगेच कोपरा बोथट होतो, बाजूची छटा फरफटते आणि जेथे घासले त्या जागेवर पुन्हा पेन्सिल चालवली तर ती छटा शेजारच्या छटेशी मिळत नाही.

असे का होते हे समजून घ्यायचे तर कागदाकडे भिंगातून पाहावे. वरवर गुळगुळीत दिसणाऱ्या कागदालाही तंतूंचे चढउतार असतात. पेन्सिल हलक्या हाताने फिरवली की ग्राफाइटचे कण त्या चढांच्या माथ्यावर अडकतात आणि खळग्यांत कागदाचा पांढरा रंग शिल्लक राहतो. दाब वाढवला की कण खळग्यांत शिरतात, एकमेकांवर दाबले जातात आणि पृष्ठभागावर ती ओळखीची चकाकी येते. ग्राफाइटचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, आणि पेन्सिल कागदावर उमटते ती याच गुणामुळे. पण याच गुणामुळे घासल्यावर ते पसरतेही. प्लास्टिक खोडरबर घर्षणाने काम करते, म्हणजे ते कण ओढून काढते, त्यासाठी स्वतः झिजते आणि त्याबरोबर कागदाचे तंतूही थोडे विस्कटते. विस्कटलेल्या तंतूंवर नंतरचे ग्राफाइट वेगळ्या रीतीने बसते. चित्र कितीही सुंदर असले तरी कागद तिरका धरून उजेडात पाहिला की घासलेल्या जागा ओळखू येतात.

चिकटवून उचलण्याची रीत मात्र रबरी खोडरबराच्या आधीची आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टली यांनी १७७० साली कागदावरच्या पेन्सिलीच्या खुणा पुसणाऱ्या एका पदार्थाची, म्हणजे आज ज्याला आपण रबर म्हणतो त्याची, नोंद केली आणि तो लंडनमध्ये कोठे मिळतो हेही सांगितले. त्यापूर्वी चित्रकार पावाचा मऊ गर बोटांनी मळून त्याने खुणा टिपून घेत असत. कोळशाच्या चित्रात काही जण आजही तसेच करतात. पावात ओलावा आणि स्निग्धांश असतो, त्याला मुंग्या लागतात आणि आपल्याकडच्या हवेत त्याला बुरशीही लवकर येते, तेव्हा त्या रीतीची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. मात्र काळे कण घासून काढण्याऐवजी टिपून घ्यायचे, ही मूळ कल्पना तीच आहे.

पुट्टी विकत घेताना थोडी काळजी घ्यावी लागते. कोल्हापुरातल्या एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानात नुसते 'पुट्टी द्या' म्हटल्यावर मला आधी रंगाऱ्यांच्या दुकानाकडे बोट दाखवण्यात आले आणि मग नळाची गळती बंद करणारे, तासाभरात दगडासारखे घट्ट होणारे मिश्रण पुढे करण्यात आले. आपल्याला हवी आहे ती कधीच न सुकणारी, तक्ते चिकटवण्याची पुट्टी. परदेशात बॉस्टिक कंपनीची निळी ब्लू टॅक प्रसिद्ध आहे. इंग्लंडमध्ये १९७०च्या सुमारास ती बाजारात आली आणि लहान मुलांनी तिला च्युइंगगम समजून तोंडात घालू नये म्हणून तिला निळा रंग देण्यात आला. आपल्याकडे फाबर-कास्टेलची टॅक-इट बऱ्याच दुकानांत मिळते आणि मी प्रामुख्याने तीच वापरली. या पुट्ट्या साधारणपणे रबरासारखा लवचीक पदार्थ, खडूसारखी पांढरी भुकटी आणि तेल यांच्या मिश्रणातून बनतात. यातल्या तेलाकडे चित्रकाराने विशेष लक्ष ठेवले पाहिजे. त्याविषयी पुढे लिहिले आहे. भिंतीवर एकदा लावून काढलेला तुकडा चित्रासाठी कधीही घेऊ नये. त्यात चुन्याचे, रंगाचे आणि धुळीचे बारीक खडे मिसळलेले असतात, आणि त्यातला एक खडा सुद्धा गडद छटेवर पांढरा ओरखडा काढायला पुरेसा असतो.

चित्राला हात लावण्यापूर्वी मी त्याच कागदाच्या कापलेल्या पट्टीवर चाचणी घेतली. कागद चौरस मीटरला साधारण दोनशे ग्रॅम वजनाचा, गुळगुळीत पण अगदी काचेसारखा नसलेला होता. त्यावर २एच, एचबी, २बी, ४बी आणि ६बी या कठीणपासून मऊपर्यंतच्या पेन्सिलींनी दोन ओळी भरल्या. वरची ओळ हलक्या हाताने तीन-चार थर देऊन आणि खालची एकाच वेळी जोर लावून. कॉन्ते या फ्रेंच संशोधकाने १७९५ मध्ये ग्राफाइटच्या भुकटीत माती मिसळून कांडी भाजण्याची रीत शोधली, तेव्हापासून पेन्सिलीचा कठीणपणा मातीच्या प्रमाणावर ठरतो. मातीचे प्रमाण जितके कमी, तितकी कांडी मऊ आणि कागदावर उतरणारे ग्राफाइट जास्त. त्यामुळे ६बी सर्वांत सहज उचलले जाईल असा माझा अंदाज होता.

वरच्या ओळीत हा अंदाज जवळपास खरा ठरला. हलक्या हाताने भरलेला एचबीचा चौकोन पुट्टी चार-पाच वेळा टेकवताच जवळजवळ कागदाच्या रंगाला आला, तर २बी आणि ४बीचे चौकोन पहिल्याच स्पर्शात निम्मे उतरले, परंतु तळाशी एक पातळ करडी छटा राहिली आणि ती कितीही टिपले तरी हटली नाही. खालच्या ओळीने अधिक शिकवले. जोर लावून भरलेल्या ६बीच्या चौकोनावरची चकाकी तेवढी कमी झाली, काळेपणा मात्र जेमतेम एका पायरीने उतरला, कारण खळग्यांत दाबून बसलेल्या कणांपर्यंत पुट्टी पोचतच नाही. जोर लावून भरलेल्या २एचची गोष्ट आणखी वेगळी झाली: ग्राफाइट सगळे निघाले, पण कठीण टोकाने पडलेली चर तशीच राहिली, आणि त्यावरून पुन्हा ४बी फिरवली तेव्हा त्या चरी पांढऱ्या रेषा होऊन उठून दिसल्या.

उजेड कितपत उचलता येईल, हे पुट्टीच्या गुणापेक्षा ती छटा कशी भरली यावर अधिक अवलंबून आहे, हे या पट्टीवरून ध्यानात आल्यावर मी चित्राची सगळी आखणीच बदलली. एरवी मी जनावराच्या सर्वांत काळ्या जागा आधी ठसठशीत करून घेतो आणि मग बाकीच्या छटा त्यांच्याशी ताडून पाहतो. येथे मात्र संपूर्ण अंग आधी एचबी आणि २बीच्या हलक्या, वेगवेगळ्या दिशांच्या थरांनी मधल्या छटेपर्यंत आणले, उजेड त्यातून उचलले आणि खरा काळा रंग अगदी शेवटी, उजेड नाहीच अशा जागी, ४बी आणि ६बीने भरला.

पुट्टीचा पहिला उपयोग झाला तो बाह्यरेषेसाठी. वहीतली रेखाटने आणि छायाचित्रे समोर ठेवून काढलेली रेषा नेहमीच चित्राला हवी त्यापेक्षा गडद असते. ती पूर्ण खोडली तर मोजमाप जाते, ठेवली तर छटेतून डोकावते. पुट्टीची करंगळीएवढी वळी करून ती रेषेवरून नुसती लोळवली, दाब दिला नाही, की रेषा सर्वत्र सारखी फिकी होते आणि डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकीच उरते. हे काम प्लास्टिक खोडरबराने होत नाही. ते रेषा कोठे पुसते आणि कोठे ठेवते, यावर आपला ताबा राहत नाही.

पाठीवरच्या तुकतुकीसाठी पुट्टीचा चपटा, बोटाच्या पेराएवढा तुकडा घेतला. येथे घासायचे नाही आणि ओढायचेही नाही. फक्त सरळ टेकवायचे आणि सरळ उचलायचे. प्रत्येक वेळी तुकडा थोडा वळवून त्याची स्वच्छ बाजू पुढे आणावी लागते, नाहीतर आधी उचललेले ग्राफाइट परत कागदावर बसते. पाठीच्या कण्याजवळ जास्त वेळा, पोटाकडे उतरताना कमी वेळा टिपत गेल्यावर उजेडाला कडा उरत नाही. तो छटेत विरत जातो. तेल लावलेल्या कातडीवरचा उजेड नेमका असाच असतो. मानेच्या वळ्यांसाठी त्याच तुकड्याची कड दुमडून जाडसर धार केली आणि प्रत्येक वळीच्या वरच्या अंगाला एकदा टेकवली. उचलून झाल्यावर एखादी वळी फार उजळ वाटली तर तिच्यावरून २एच पुन्हा हलकीच फिरवता येते आणि ती छटा शेजारच्या छटेशी बेमालूम मिळते, कारण तंतू विस्कटलेले नसतात. मला या साधनाचे सर्वांत मोठे मोल येथे वाटले. उचलणे आणि भरणे या दोन्ही क्रिया एकाच जागेवर आलटून पालटून करता येतात, म्हणजे छटा दोन्ही बाजूंनी चढवत-उतरवत जुळवता येते.

शिंगांनी सर्वांत जास्त वेळ घेतला. पंढरपुरी म्हशीचे शिंग बुडाशी चपटे आणि खडबडीत असते. तेथे आडव्या वलयांच्या ओळी असतात आणि टोकाकडे जाताना ती विरत जाऊन शिंग गुळगुळीत होते. वलयाचा उंचवटा उजेड घेतो आणि त्याच्या खालची खाच काळी पडते. मी आधी पूर्ण शिंग लांबीच्या दिशेने २बीने भरले, त्याची गोलाई येईपर्यंत दोन्ही कडांना गडद केले आणि मग पुट्टीचा वाटाण्याएवढा गोळा अंगठा व तर्जनीत चिमटून त्याला पातळ, छिन्नीसारखी धार आणली. ही धार शिंगावर आडवी टेकवून किंचित वळवली की एक उजळ कमान उमटते. धार प्रत्येक टेकवणीला दबते, म्हणून दर वेळी पुन्हा चिमटावी लागते. पहिल्या दोन-तीन वलयांनंतर बोटांना ती लय सापडते आणि चिमटणे, टेकवणे, उचलणे हे न पाहता होऊ लागते. प्रत्येक उजळ कमानीच्या खाली ४बीच्या टोकदार पेन्सिलीने खाच काढली, आणि शिंगाच्या मधल्या भागात, जेथे उजेड थेट पडत होता, तेथे त्याच कमानीवर धार दुसऱ्यांदा टेकवली. कडांकडे मात्र एकदाही दुसऱ्यांदा टेकवली नाही. शिंगाचा गोलपणा एवढ्या एका फरकाने उभा राहिला. कडेची वलये आणि मधली वलये सारखीच उजळ असती तर ते शिंग चपटे दिसले असते.

कपाळावरच्या केसांसाठी हीच धार आणखी पातळ करून केसाच्या बुडाकडून टोकाकडे झटक्याने निसटती ओढली. टेकवण्याच्या नियमाला येथे अपवाद करावा लागतो, कारण केसाला जाडी कमी होत जाणारे टोक हवे असते. तरीही पुट्टीने निघणारा सर्वांत बारीक केस हा पेन्सिलीच्या रेषेपेक्षा जाडच असतो. अतिशय बारीक केसांसाठी मग दुसरी युक्ती वापरली: कागदाला फार न धरणारी अर्धपारदर्शक चिकटपट्टी छटेवर अलगद ठेवायची, तिच्यावरून संपलेल्या बॉलपेनने केस काढावेत तशा रेषा ओढायच्या आणि पट्टी उचलायची. जेथे पेनाचा दाब पडला तेवढेच ग्राफाइट पट्टीला चिकटून येते. पट्टी आधी कपड्याला लावून तिचा चिकटपणा कमी करून घेतला नाही, तर ती सगळ्याच छटेवर हात मारते. कानातल्या लांब केसांच्या बाबतीत ही युक्ती पुट्टीपेक्षा सरस ठरली, असे माझे मत आहे.

डोळा आणि ओले नाक येथे मात्र पुट्टीवर भिस्त ठेवली नाही. डोळ्याच्या बुबुळावरचा प्रकाशबिंदू आणि नाकपुडीच्या कडेवरचा ओला ठिपका हे या चित्रातले सर्वांत उजळ भाग. चाचणीच्या पट्टीवर पाहिल्याप्रमाणे ग्राफाइट एकदा लागलेल्या जागी कागदाचा मूळ पांढरेपणा पूर्णपणे परत येत नाही. थोडी करडी झाक राहतेच. एकट्या पाहिल्यावर ती जाणवत नाही, पण शेजारी कोरा कागद असला की लगेच दिसते. म्हणून हे दोन ठिपके सुरुवातीपासून कोरे राखले आणि बाकी सर्व उजेड पुट्टीने उचलले. कोऱ्या कागदाचा उजेड पहिल्या दर्जाचा, उचललेला उजेड दुसऱ्या दर्जाचा, अशी ही प्रतवारी चित्राच्या आरंभीच ठरवली तर शेवटी डोळा आपोआप इतर भागांच्या पुढे येतो. सगळेच उजेड उचललेले असतील तर डोळा आणि पाठ एकाच पातळीवर राहतात. मग पुट्टीने जास्त टिपून काही साधत नाही.

हवामानाचा परिणाम या साधनावर जितका होतो तितका मी कोणत्याही खोडरबरावर पाहिलेला नाही. थंडीत पुट्टी कडक असते आणि वापरण्याआधी बोटांत बराच वेळ मळावी लागते. तशी मळलेली पुट्टी उत्तम काम देते. हे चित्र लांबत लांबत उन्हाळ्यात गेले आणि एप्रिलमधल्या दुपारी पुट्टी इतकी सैल झाली की धार धरेना, उलट कागदावर तिचे सूक्ष्म ठिपके मागे राहू लागले. असे ठिपके बोटाने काढू नयेत. पुट्टीचाच मोठा, थंड गोळा त्यांच्यावर टेकवला की ते त्याला चिकटून निघतात. त्यानंतर मी तिचे दोन भाग केले, एक हातात आणि एक माठाशेजारी स्टीलच्या डबीत, आणि हातातला सैल पडला की अदलाबदल करत गेलो. प्लास्टिकच्या डबीपेक्षा स्टीलची बरी, तिला पुट्टी कमी चिकटते. पावसाळ्यात अडचण पुट्टीची नसून कागदाची असते. दमट कागदाचे तंतू फुगलेले आणि नरम असतात, त्यामुळे पुट्टी ग्राफाइटबरोबर तंतूही उपटते. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये मी हे काम करणार नाही.

आता तेलाविषयी. चाचणीच्या पट्टीवर मी पुट्टीचा एक गोळा मुद्दाम चिकटवून ठेवला आणि त्यावर जाड पुस्तक ठेवून दिले. काही आठवड्यांनी पट्टी उलटी करून पाहिली तेव्हा गोळ्याच्या जागी कागद किंचित अर्धपारदर्शक झालेला दिसला. टेकवून लगेच उचलण्याने असा डाग पडल्याचे मला आढळलेले नाही, तरी एकाच जागी पुनःपुन्हा दाबून ठेवणे मी टाळतो आणि काम थांबवताना पुट्टी चित्राच्या कागदावर कधीही सोडत नाही. मळण्यापूर्वी हातही धुवून कोरडे करतो, कारण हाताचा घाम आणि डब्यातल्या भाजीचे तेल पुट्टीत मुरले की तेही कागदावर उतरते आणि तेलकट जागेवर पेन्सिल ठिपकेदार चालते.

नीडेबल रबराशी तुलना होणे स्वाभाविक आहे, आणि अनेकांना या दोन वस्तू एकच वाटतात. माझ्या अनुभवात नीडेबल रबर कमी चिकट आणि अधिक संथ आहे. छटा एका पायरीने खाली आणायची असेल तर ते अधिक सुरक्षित वाटते. पुट्टी एका स्पर्शात जास्त उचलते, अधिक टोकदार धार धरते आणि तिचा कसही बराच काळ टिकतो. चेहऱ्यासारख्या विषयात, जेथे गालावरची छटा केसाएवढ्या फरकाने बदलते, तेथे मी अजूनही नीडेबल रबर घेईन. जनावराचे केस, झाडाची साल, जुन्या लाकडी दाराच्या शिरा, पितळी भांड्यावरची चकाकी यांसाठी मात्र पुट्टी. पुट्टी संपली हे रंगावरून कळत नाही, कारण पांढरी पुट्टी पहिल्याच दिवशी करडी होते. तिचा चिकटपणा जाऊन ती बोटांना कोरडी लागू लागली आणि ताणल्यावर न लांबता तुटू लागली की ती बदलावी.

ती जेथे चालत नाही अशा जागाही आहेत. कागदी स्टम्पने, म्हणजे कागद घट्ट गुंडाळून केलेल्या कांडीने, घोटून गुळगुळीत केलेली छटा पुट्टीला दाद देत नाही, कारण स्टम्प ग्राफाइट तंतूंच्या आत सारतो. म्हणून ज्या भागातून उजेड उचलायचा आहे तो भाग मी आता घोटतच नाही; घोटायचे ते उचलणे संपल्यावर आणि शेजारच्या सावलीत. सैल तंतूंच्या हातकागदावरही पुट्टी लावू नये. तिच्याबरोबर कागदाची साल निघते. रंगीत पेन्सिलीवर ती थोडी चालते, परंतु मेणाचा थर जाड असेल तर वरचा भाग तेवढा निघतो.

शासकीय रेखाकला परीक्षेला, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, बसणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी पट्टीवरची ही चाचणी करून दाखवली. वस्तुचित्रात पितळी तांब्यावरची चकाकी काढताना मुले सवयीने खोडरबर इतके घासतात की कागदाला भोक पडायचे बाकी राहते. एका मुलीने पुट्टी हातात घेतल्याबरोबर तिची धार न करता तिचा बारीक सुळका केला आणि तांब्याच्या काठावर ठिपक्यांची ओळ उचलत गेली. त्या ठिपक्यांतून काठाची कड इतकी नेमकी दिसली की मी स्वतः ती रीत नंतर म्हशीच्या नाकाच्या दाणेदार कातडीसाठी वापरली. मुलांना पुट्टी देण्यात एकच धोका आहे: अर्धा तास तिचे हत्ती आणि साप तयार होतात आणि मग चित्र सुरू होते.

चित्र पुरे झाल्यावर, छटा कागदावर पक्की करणारे फिक्सेटिव्ह फवारण्याआधी मी कागद खिडकीशी नेऊन जवळजवळ आडवा धरला आणि तिरक्या उजेडात पाहिला. मागे राहिलेला पुट्टीचा कण अशा वेळीच दिसतो, आणि तो फवाऱ्याखाली गेला की कायमचा तेथेच राहतो. फवाऱ्यानंतर ग्राफाइट कागदाशी बांधले जाते आणि पुट्टीने काहीही उचलता येत नाही, म्हणून शेवटची दुरुस्ती तत्पूर्वीच करावी लागते. माझ्या चित्रात ती डाव्या शिंगाच्या टोकाशी होती, तेथला उजेड एका टेकवणीने वाढवला. फ्रेम करणाऱ्याने कागद माउंटला चिकटवण्यासाठी माझ्याच डबीतली पुट्टी मागितली. ती मी दिली नाही. वरच्या कडेला गव्हाच्या खळीने लावलेल्या पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर चित्र टांगून घेतले, आणि काच ग्राफाइटला टेकू नये म्हणून माउंट जाड बोर्डाचा लावायला सांगितला.